म्हशीच्या मागोमाग आलेले पाहुणे

भुरी म्हैस मंगळवारी मेली आणि माझ्या नणंदेला पाहायला केनवडकडचे पाहुणे गुरुवारी यायचे होते. मधला एक बुधवार तेवढा आमच्या हातात होता. तो मामाजींनी रागावण्यात घालवला.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणत आणि सासूला आत्याबाई. मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते, लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं, आणि सासर होतं किन्हीराजापासून दोन कोसांवरच्या एका लहानशा गावात. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही अशी रीत होती. मामाजी समोर बसलेले असले तरी मी नणंदेकडे तोंड करून म्हणायचं, "बाई, मामाजींले सांगा, भाकर थंडी होऊन राह्यली." मग मामाजींनीही तिच्याकडेच पाहून म्हणायचं, "तुह्या वयनीले सांग, आलो." या रीतीतला एक फायदा मी फार लवकर ओळखला होता. तोंड पदराआड असलं की माणसाला वाटेल ते सांगता येतं, आणि सांगताना आलेलं हसू कोणाला दिसत नाही.

तर म्हैस. सोमवारी तिचा गळा सुजला, घरघर लागली, आणि मंगळवारी दुपारच्या आत गोठ्यातच तिनं पाय ताणले. घटसर्प, आमच्याकडची गयसुजी. आत्याबाई तिच्या डोक्याशी बसून थोडं रडल्या, मग उठून उरलेल्या गायींना गुरांच्या दुसऱ्या वाड्यात हलवायला लागल्या. मामाजींनी गड्याला वस्तीकडे धाडलं.

तोवर गावात ढोर मेलं की गावकुसाबाहेरच्या वस्तीतली माणसं येत, ते ओढून नेत आणि गावाच्या मावळतीला जे मुरमाड बरड होतं तिथं टाकत. हे काम त्यांनीच करायचं असं गावानं कधीकाळी ठरवून टाकलं होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्या वर्षी होळी झाल्यावर वस्तीनं एकत्र बसून आपलं आपण ठरवलं, की हे काम बंद. गावाला वाटलं, म्हणतात ते, चार दिवसांनी येतील. पण तेव्हापासून गावात ढोरच मेलं नव्हतं. पहिला मान आमच्या भुरीला मिळाला.

गडी एकटाच परत आला. मग मामाजी स्वतः गेले. हे, म्हणजे माझे यजमान, सोबत होते. तिथलं बोलणं त्यांनीच मला नंतर सांगितलं. वस्तीतला सगळ्यात वयस्क म्हातारा बाभळीखाली बसून दोर वळत होता. त्यानं उठून रामराम केला आणि विचारलं,

"पाटील, म्हैस कोणाची?"

"माही."

"दूध कोणी पेलं?"

"आमी."

"मंग मेल्यावरच ते आमची कशी झाली?"

मामाजी तिथंच रागावले. रागावून घरी आले आणि ओसरीवर बसून जाहीर केलं, की मी पाटलाचा लेक आहे, मेल्या ढोराला हात लावणार नाही, आणि माझ्या घरातलं कोणी लावणार नाही. आत्याबाई आतून एवढंच म्हणाल्या, "बरं." त्यांच्या 'बरं'ला अनेक अर्थ असत. हा कोणता होता ते मामाजींना कळलं नाही.

दुपार कलली तेव्हा आभाळात एक ठिपका फिरताना नणंदेनं दाखवला. थोड्या वेळानं पाच, मग मोजणं सोडलं. इतकी गिधाडं येतात कुठून, आणि त्यांना सांगतं कोण, हे मला आजही नीट कळत नाही. सूर्य मावळायच्या आत मागच्या कडुलिंबावर बारा-पंधरा जणं मान आत ओढून बसली होती. गोठ्यावर छप्पर, पुढं दार, येणंजाणं माणसांचं. आत शिरायला ती धजत नव्हती. पण त्यांना घाई नव्हती. आमच्याकडं लग्नाची सुपारी खायला आलेले म्हातारे जसे बसतात, तशी ती बसली.

बुधवारी सकाळी ती धाब्यावर उतरली. आमचं घर धाब्याचं, सपाट मातीचं. उन्हाळ्यात वर वाळवणं घातलेली असत. मी आणि नणंद काठी घेऊन वर धावलो, तर एक भलं मोठं गिधाड आत्याबाईंच्या कुरडयांच्या मधोमध उभं. मी काठी उगारली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, कुरडईकडं मान वाकडी करून पाहिलं, आणि पाय उचलत, एकाही कुरडईला न तुडवता, पलीकडच्या कडेला जाऊन बसलं. आमच्या कोंबड्यांना एवढी रीत नव्हती. कुरडयांचा कावळ्यांपासून मात्र त्या दिवशी पूर्ण बचाव झाला. गिधाडं बसलेली पाहून एकही कावळा धाब्यावर फिरकला नाही. आत्याबाई जिन्यावरून डोकं काढून म्हणाल्या, "राहू दे व त्यायले. राखण करून राह्यले ते."

मामाजींना मात्र ते सहन होईना. गिधाड घरावर बसणं वाईट असं सगळेच म्हणत. त्यांनी जोशीबुवांना विचारलं. ते म्हणाले, शांती करावी लागेल, पण आधी म्हैस हलवा, नाहीतर शांतीच्या दिवशीही बसतील. मामाजींनी दोन शेजारच्या गावांत निरोप धाडले. तिथल्या वस्त्यांनीही काम सोडलं होतं. भाऊबंदांना बोलावलं, तर एकाची कंबर धरली होती, एकाला सुतक निघालं, आणि एकाला त्या दिवशी एकाएकी वाशीमला जाणं आलं. आमच्या गड्याचं पोट दुखायला लागलं आणि तो घरी गेला.

दुपारी मामाजी ओसरीवर पागोटं काढून वारा घेत बसले. डोकं पार तुळतुळीत. वर धाब्याच्या कडेला तीन गिधाडं खाली मान घालून बसली होती. ते चित्र पाहिलं आणि माझी जीभ वळवळली.

मी दाराआडून नणंदेला म्हटलं, "बाई, मामाजींले सांगा, इंझोरीकडं आमच्या माहेरी म्हणतात, गिधाड टकल्या माणसाले आपल्यातला समजते. अन् आपला माणूस दिसला का मंग घर सोडत नाही."

माझ्या माहेरी असं कोणीही म्हणत नव्हतं. ते मी तिथंच, त्या घडीला जुळवलं. नणंदेनं ते गंभीर चेहऱ्यानं तसंच्या तसं सांगितलं आणि पाणी प्यायला म्हणून आत पळाली. मामाजी डोक्यावरून हात फिरवत बसले. थोड्या वेळानं त्यांनी वर पाहिलं. मग पागोटं उचलून डोक्यावर ठेवलं. त्या भर वैशाखात ते पागोटं मग दिवसभर काढलंच नाही. रात्रीचं जेवणसुद्धा ते घालूनच झालं. ताटावर वाकले की घाम टपकायचा. वाढताना हसू दाबून मी अशी गदगदत होते, की आत्याबाईंना वाटलं मला हिवताप आला.

वास मात्र आता ओसरीपर्यंत आला होता. संध्याकाळी आत्याबाई मामाजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्या कधी समोर उभ्या राहत नसत.

"उद्या पाहुण्यायले काय दाखवाचं?" त्यांनी विचारलं. "पोरगी का म्हैस?"

"मी काय करू मंग?"

"मोटेचा नाडा हाये. बैल हायेत. हात हायेत. ओढा."

"मी? पाटलाचा लेक..."

"नाई तं मी ओढतो," आत्याबाई म्हणाल्या, आणि खरोखरच पदर खोचून नाडा आणायला निघाल्या. आता गावानं पाटलीणबाईला म्हैस ओढताना पाहायचं म्हणजे झालंच. मामाजींनी त्यांच्या हातून नाडा हिसकून घेतला.

गुरुवारी झुंजुमुंजू झालं तसं काम सुरू झालं. मामाजींनी पागोटं आत ठेवलं, डोक्याला जुनं दुपट्टं गुंडाळलं, धोतर गुडघ्यावर घेतलं. दुपट्टं दोनदा चाचपून पाहिलं, डोकं कुठं उघडं नाही ना. मला सगळं दिसत होतं. ह्यांनी म्हशीच्या पायांना नाडा बांधला, बैल जुंपले. पण बैलांनी वास घेतला आणि फुरफुरत असे मागं फिरले, की मामाजींचं दुपट्टं गोठ्याच्या शेणात. पुन्हा जुंपले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गाठ सुटली, आणि हे शेणात बसले.

गोठ्यापलीकडून वस्तीकडं जाणारी वाट होती. तिथं तो म्हातारा उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"पाटील," तो म्हणाला, "हात तं मी लावणार नाई. पन हे मले पाहवत बी नाई."

मामाजींनी सुटलेला नाडा उचलला.

"पुढचे दोन पाय नोका बांधू. मागचे बांधा, खुराच्या वर, दुहेरी. खाली बाभळीचा पाल्याचा फाटा घाला, मंग घसरते. अन् बैलायच्या नाकाले करडीचं तेल चोपडा. डोये बांधा. त्यायले काहून दाखवून राह्यले ते?"

माझे यजमान तेल आणायला धावले. मामाजींनी म्हाताऱ्याकडं न पाहता मागचे पाय बांधले. "अजून वर," म्हातारा म्हणाला. मामाजींनी वर बांधले. "आता वढा. हळू." आणि भुरी, दोन दिवस सगळ्या गावाला न जुमानलेली आमची भुरी, घसरत गोठ्याबाहेर आली. म्हातारा पुढं चालत होता, सगळ्यांच्या आधी, हात मागं बांधून, "डावीकडून घ्या, तिकडं दगड हाये" असं सांगत. एखाद्या वरातीच्या पुढं कारभारी चालावा तसा. धाब्यावरची गिधाडं एकेक करून उठली आणि आमच्या डोक्यावरून बरडाकडं निघाली. त्यांना कळलं होतं.

बैलांना पाणी म्हणून आत्याबाईंनी मला आणि नणंदेला घागरी घेऊन मागं धाडलं. आम्ही पळसाच्या झुडपाआड थांबलो. मामाजींनी नाडा सोडला, बैल लांब नेले, आणि माणसं पन्नास पावलं मागं आली. मग जे झालं ते मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा डोळे उघडून पाहिलं. आधी सगळी गोल करून उभी राहिली, कोणी पुढं होईना. मग लाल डोक्याचं एक काळं गिधाड वरून आलं, एकटंच, आणि बाकीची बाजूला सरली. त्यानं कातडं फाडलं. त्यानंतर काही दिसेनासं झालं. नुसती पंखांची झटापट, फुस्कारे, एकमेकांच्या पाठीवर उड्या. एक पोटात मान घालून खांद्यापर्यंत आत गेलं आणि दुसऱ्यानं त्याला शेपटीला धरून बाहेर ओढलं. नणंद तोंडावर पदर धरून म्हणाली, "वयनी, पंगतीत तुपाची वाटी आली का आपल्या गावचे असेच करतात ना?"

म्हातारा मामाजींना सांगत होता, "गयसुजीनं मेलेलं ढोर नाल्यात टाकलं का पाण्यात रोग जाते. कुत्र्यायनं खाल्लं का घरोघरी जाते. ह्यायनं खाल्लं का तठीच संपते. आमचा बाप म्हने, हे काही मारत नाई, कोणाचं हिसकत नाई. गावाची घाण खाते, अन् गाव त्यालेच घाण म्हनते."

मामाजींनी मान हलवली. ते गिधाडांविषयीच होतं की आणखी कोणाविषयी, हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी मान बराच वेळ खालीच ठेवली.

घरभराच्या भाकरी भाजून व्हायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ गेला असेल. भुरीची फासळ्यांची कमान तेवढी उरली. पोट भरलेली गिधाडं पळत पळत उडायचा प्रयत्न करत होती आणि उडता येत नव्हतं म्हणून पुन्हा बसत होती. काही खालच्या नाल्याच्या डोहाकडं चालत गेली आणि पाण्यात उतरून चक्क अंघोळ करायला लागली. मग पंख पसरून उन्हात उभी राहिली. म्हातारा वस्तीकडं वळला, माझे यजमान बैलांना पाणी दाखवून घरी घेऊन गेले, आणि मामाजीही नाल्यावर उतरले, जरा वरच्या अंगाला. तेही हातपाय धुवायला लागले.

नेमकी तेव्हा पलीकडच्या वाटेनं बैलांची दमणी आली.

पाहुणे दुपारी यायचे ते ऊन टाळून सकाळीच निघाले होते. दमणीत मुलाचा बाप, मुलाचा काका, आणि मागं बसलेला मुलगा. मी नणंदेला खाली दाबलं. मुलाच्या बापानं दमणी थांबवली आणि नाल्यातल्या, चिखलानं भरलेल्या, दुपट्टं गुंडाळलेल्या माणसाला हाक मारली.

"ए गड्या! बैलायले पानी दाखव रे."

मामाजी उभे राहिले. मला वाटलं, आता सांगतील. पण त्या अवताराचं काय सांगणार? त्यांनी खाली मान घालून बैलांची वेसण धरली आणि पाण्यावर नेलं.

"कोण्या घरचा गडी तू?"

"पाटलाच्या," मामाजी म्हणाले.

"आमी तठीच चाललो. कसा हाये तुहा पाटील?"

नणंदेनं माझा दंड इतक्या जोरानं धरला, की चार दिवस वळ राहिले. मामाजींनी बैलांची वेसण जरा सैल केली.

"बरा हाये," ते म्हणाले. "जरा तापट हाये."

"अन् पोरगी?"

"पोरगी गुणाची हाये, मालक. तिच्यासारखी नाई भेटाची."

"पाटलीण?"

बैल पाणी पीत होते. मामाजी त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "तिच्यानंच घर चालते. पाटलाले तेवढं वाटते का आपल्यानं चालते."

पाहुणा हसला. आम्ही दोघी पळसाआडून रांगत, मग वाकून, मग जीव खाऊन पळत घरी आलो. नणंदेला लुगडं नेसवायचं होतं. मी चुलीपाशी जाऊन आत्याबाईंना सगळं एका श्वासात सांगितलं, शेवटचं वाक्य दोनदा. आत्याबाईंनी तव्यावरची भाकर उलटली.

"गड्यानं सांगतलं असंन," त्या म्हणाल्या. "मालकानं तीस वर्षांत कई नाई सांगतलं."

पण दुसरी भाकर त्यांनी करपवली. त्यांच्या हातची करपलेली भाकर मी त्याआधी पाहिली नव्हती.

मामाजी मागल्या दारानं आले, चार घागरी पाणी डोक्यावर ओतून घेतलं, कोट घातला, पागोटं घातलं, आणि गळ्यातलं उपरणं नीट करत बैठकीत गेले. पाहुण्यांनी उठून रामराम केला. मी दाराच्या फटीला डोळा लावून होते. मुलाच्या बापाचा चेहरा जराही हलला नाही. शेताचं, पावसाचं बोलणं झालं. नणंद पोहे घेऊन गेली, खाली मान घालून, पण खांदे हलत होते. पाहुण्यांना वाटलं पोर लाजली. मुलगा तिच्याकडं पाहतच राहिला. सुपारी फुटली. मग पानाचं तबक फिरलं. मुलाच्या बापानं एक विडा लावून मामाजींच्या हातात दिला. लगेच दुसरा लावला.

"हा तुमच्या गड्याले द्या," तो म्हणाला. "नाल्यावर भेटला. मोठा प्रामाणिक माणूस."

मामाजींनी तोही घेतला. "देतो," म्हणाले, आणि कोटाच्या खिशात ठेवला.

लग्न जेठात झालं. पंगतीला मामाजींनी त्या म्हाताऱ्याला बोलावणं धाडलं. त्यांच्या लेखी ती फार मोठी गोष्ट होती. म्हाताऱ्यानं निरोप दिला, "पाटील, पोरीले आशीर्वाद. पन सगळ्यायचं झाल्यावर वेगळं बसाची मले भूक नाई." मामाजींनी तो ऐकला आणि पंगत वाढायला सांगितलं. त्याला सगळ्यांबरोबर बसवायची त्यांची छाती झाली असती असं मी म्हणणार नाही. झाली नाही. वस्तीनं मात्र त्यानंतर गावचं एकही ढोर ओढलं नाही, आणि ज्याचं त्यानं ओढायचं ही रीत आमच्या गावात पडली. गिधाडांची त्याला कसलीच हरकत नव्हती.

नणंद आखाडीला माहेरी आली. आम्ही दोघी धाब्यावर गेलो आणि तिनं मला जवळ ओढलं.

"वयनी, तुले सांगू? माह्या सासऱ्यानं नाल्यावरच वळखलं होतं."

"काय म्हनता बाई?"

"गड्याच्या कानात सोन्याची भिकबाळी कुठी असते व? अन् करडीच्या तेलाचा वास. त्यायचा बैल चैत्रात मेला होता. त्यायनं बी असाच वढला, अन् कोणाले सांगतलं नाई. म्हनून मुद्दाम इचारत गेले. म्हने, होणारा इवाई कसा हाये हे त्याच्याच तोंडून आयकाले भेटून राह्यलं, मंग कायले सोडू?"

खालून आत्याबाई विचारत होत्या, एवढं काय झालं हसायला. आम्ही खाली जाऊन त्यांना सांगितलं. त्या दाराला टेकून, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. ओसरीवरून मामाजींनी हाक दिली, "काय झालं व?"

"काही नाई," आत्याबाई म्हणाल्या. "पोरीचं सासर चांगलं हाये म्हने."